बॉड्सीचा पहारा
प्रस्तावना

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफोक परगण्यात, डेबेन नावाची एक लहानशी नदी जेथे उत्तर समुद्राला मिळते, तेथे तिच्या उत्तर तीरावर बॉड्सी नावाचे खेडे आहे. आणि खेड्याच्या टोकाला, समुद्राकडे तोंड करून, लाल विटांचा आणि अनेक बुरुजांचा एक विस्तीर्ण वाडा उभा आहे. सर कथबर्ट क्विल्टर नावाच्या धनाढ्य सराफी दलालाने तो 1886 च्या सुमारास बांधावयास घेतला. नॅशनल टेलिफोन कंपनीच्या संस्थापकांपैकी हा गृहस्थ एक होता, आणि मरण पत्करू पण बदल पत्करणार नाही, अशा आशयाचे फ्रेंच वचन त्याच्या घराण्याचे ब्रीद होते. बागा, कृत्रिम कडे आणि समुद्रवारा यांच्या सहवासात एक कुलीन कुटुंब येथे पन्नास वर्षे नांदले. पुढे 1936 साली ब्रिटिश सरकारच्या हवाई खात्याने 24,000 पौंडांस हा वाडा खरेदी केला, दिवाणखान्यांत आणि तबेल्यांत प्रयोगशाळा मांडल्या, आणि न बदलण्याची प्रतिज्ञा ज्या घराण्याने शिरोधार्य मानली त्याच्याच छपराखाली युद्धशास्त्राचे स्वरूप पालटून टाकणारी विद्या आकारास आली. समुद्रावरून येणारे विमान, ते डोळ्यांना दिसण्यापूर्वी आणि कानांना ऐकू येण्यापूर्वी, रेडिओलहरींच्या साहाय्याने हुडकून काढणारे पहिले नियमित ठाणे ते हेच.

या ठाण्याचा इतिहास मराठी वाचकापुढे ठेवताना त्याचे प्रयोजन सांगणे अवश्य आहे. रडार या यंत्राविषयी आपल्याकडे जे थोडेबहुत लिहिले जाते ते बहुधा चमत्काराच्या भाषेत लिहिले जाते. एका बुद्धिमान शास्त्रज्ञाला कल्पना सुचली, उंच मनोरे उभे राहिले, शत्रूची विमाने पडद्यावर दिसू लागली आणि एक राष्ट्र बचावले, इतक्या चार वाक्यांत ती कथा आटोपते. कागदपत्रांतून आणि त्या काळी तेथे काम केलेल्या माणसांच्या आठवणींतून जो इतिहास प्रकट होतो तो याहून पुष्कळ संथ, पुष्कळ गुंतागुंतीचा आणि माझ्या मते पुष्कळ अधिक उद्बोधक आहे. पाहणे ही एक गोष्ट, पाहिले त्याचा अर्थ कळणे ही दुसरी, आणि जे कळले ते योग्य माणसाला वेळेवर कळवणे ही तिसरी. या तिन्ही गोष्टींची सांगड घालण्याचा पहिला पद्धतशीर उद्योग बॉड्सीत झाला, हे माझे मुख्य प्रतिपादन आहे.

त्या उद्योगाची निकड समजण्यासाठी 1930 नंतरच्या इंग्लंडची मनःस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. बॉम्बफेकी विमान कसेही करून लक्ष्यापर्यंत पोहोचणारच, असे स्टॅन्ले बाल्डविन यांनी नोव्हेंबर 1932 मध्ये पार्लमेंटात सांगितले होते, आणि त्या वेळच्या साधनांचा विचार करता त्यांचे म्हणणे खोडून काढणे कठीण होते. केंट परगण्यात डेंज येथे विमानांचा आवाज टिपण्यासाठी काँक्रीटचे प्रचंड अंतर्गोल आरसे बांधले होते; त्यांतील एक भिंत तर 200 फूट लांबीची होती. परंतु वारा फिरला, जवळून मोटार गेली किंवा जहाजाचे इंजिन धडधडले, की श्रवणात व्यत्यय येई, आणि सारे काही अनुकूल असतानाही पूर्वसूचना मिळे ती मोजक्या मिनिटांची. विमानांचा वेग जसजसा वाढत चालला तसतशी ही मिनिटेही घटू लागली. 1934 साली हवाई खात्यातील ए. पी. रो या अधिकाऱ्याने हवाई संरक्षणाविषयीच्या दफ्तरातील फायली धुंडाळल्या, तेव्हा त्याला अवघ्या 53 सापडल्या. आणि विज्ञानाने काही नवा उपाय शोधला नाही तर येत्या दहा वर्षांत युद्ध सुरू झाल्यास आपण ते बहुधा हरू, असे त्याने आपल्या वरिष्ठांस स्पष्टपणे कळवले. सरकारी नोकराने असे लिहिण्यास धैर्य लागते, आणि वरिष्ठांनी ते वाचून कार्यास लागण्यास त्याहूनही अधिक लागते. हेन्री टिझर्ड यांच्या अध्यक्षतेखाली शास्त्रज्ञांची जी समिती नेमली गेली तिची पहिली बैठक 28 जानेवारी 1935 रोजी भरली.

याच सुमारास एक विलक्षण पृच्छा खात्याकडून रॉबर्ट वॉटसन-वॅट यांच्याकडे आली. हे स्कॉटलंडमधील ब्रेचिन गावचे. वादळांतील विजांचे स्थान रेडिओच्या साहाय्याने निश्चित करण्याच्या कामात त्यांची हयात गेली होती. शत्रूचा वैमानिक ज्याने मरेल किंवा हतबल होईल असा किरण निर्माण करता येईल काय, असा तो प्रश्न होता. वॉटसन-वॅट यांनी आपले साहाय्यक आर्नॉल्ड विल्किन्स यांच्यापुढे तो एका निरुपद्रवी गणिताच्या रूपाने ठेवला: 5 किलोमीटर अंतरावर आणि 1 किलोमीटर उंचीवर असलेले आठ पाइंट पाणी 98 अंश फॅरनहाइटपासून 105 अंशांपर्यंत तापवावयाचे, तर किती शक्ती प्रक्षेपित करावी लागेल? ही आठ पाइंट म्हणजे मनुष्यदेहातील रक्त, हे चाणाक्ष विल्किन्सच्या तत्काळ ध्यानात आले. गणित करून त्याने दाखवून दिले की ही शक्ती कोणत्याही ज्ञात साधनाच्या आवाक्याबाहेरची आहे. मग दुसऱ्या कोणत्या रीतीने साहाय्य करता येईल, असे विचारता त्याला आठवण झाली ती टपाल खात्याच्या अभियंत्यांनी नोंदवलेल्या एका क्षुल्लक तक्रारीची: जवळून विमान गेले की रेडिओच्या ग्रहणात लहरी उठतात, अशी ती तक्रार होती. एकाने ज्याची उपद्रव म्हणून नोंद केली तेच दुसऱ्याच्या दृष्टीस साधन म्हणून दिसले. शोधांच्या इतिहासात असे क्षण विरळा असतात, आणि ते येतात ते जुनी नोंद जपणाऱ्या आणि ती वेळेवर आठवणाऱ्या माणसाकडेच.

पैसा मंजूर करण्यापूर्वी प्रत्यक्ष प्रमाण पाहिजे, असा आग्रह ह्यू डाउडिंग यांनी धरला. संशोधनाचे काम त्या वेळी त्यांच्या हाती होते. तदनुसार 26 फेब्रुवारी 1935 रोजी डेव्हेंट्री येथील बीबीसीच्या लघुलहरी प्रक्षेपकाजवळून एक हेफर्ड जातीचे बॉम्बफेकी विमान ये-जा करीत असता, काही मैल दूर एका शेतात उभ्या केलेल्या मोटारीत वॉटसन-वॅट, विल्किन्स आणि साक्षीदार म्हणून रो यांनी त्या विमानाकडून परावर्तित झालेल्या लहरी 8 मैलांपर्यंत टिपल्या. पुढील सूत्रे त्वरेने हलली. मे महिन्यात एक लहानशी मंडळी ऑर्फर्ड नेस या निर्जन वाळूच्या पट्टीवर जाऊन राहिली. 17 जून रोजी तिने 17 मैलांवरील समुद्री विमान ओळखले. आणि वर्षाअखेरीस थेम्सच्या मुखाभोवती पाच ठाणी उभारण्याची मंजुरी खजिन्याने दिली. जागा अपुरी पडू लागली तेव्हा दक्षिणेस थोड्या अंतरावर असलेल्या बॉड्सीच्या वाड्याकडे शोध घेणाऱ्यांची दृष्टी वळली.

वाड्यात आल्याबरोबर यश मिळाले, असे मात्र झाले नाही, आणि हे अपयश झाकून ठेवणे इतिहासकाराच्या धर्मास धरून होणार नाही. सप्टेंबर 1936 मध्ये वायुदलाच्या कवायतीत या नव्या साधनाची परीक्षा झाली तेव्हा तिचा निकाल इतका निराशाजनक लागला की सर्व उद्योग गुंडाळला जातो की काय, अशी शंका निर्माण झाली. टिझर्ड यांनी कानउघाडणी केली. त्या मंडळींनी ती मुकाट्याने ऐकून घेतली, यंत्रे दुरुस्त केली, आणि 1937 च्या वसंतात झालेल्या दुसऱ्या परीक्षेत आपली योग्यता सिद्ध केली. त्याच वर्षी मे महिन्यात बॉड्सी हे पहिले कार्यक्षम ठाणे म्हणून वायुदलाच्या स्वाधीन झाले. सर्वोत्तम वस्तूची वाट पाहत बसू नये, कारण ती कधीच हाती येत नाही; उपयोगी पडेल अशी तिसऱ्या प्रतीची वस्तू आज द्यावी, असा वॉटसन-वॅट यांचा दंडक होता. त्याच काळी जर्मनीतील यंत्रे अधिक आखूड लहरींवर चालणारी आणि बनावटीने अधिक सुबक होती. ख्रिश्चन हुल्समायर या जर्मनाने तर 1904 सालीच जहाजे ओळखणाऱ्या साधनाचे पेटंट घेतले होते. तेव्हा रडारच्या शोधाचे श्रेय एकट्या बॉड्सीच्या पदरात बांधणे न्यायाचे होणार नाही. बॉड्सीचा विशेष अन्यत्र आहे.

तो सांगण्यापूर्वी यंत्राची घडण थोडक्यात समजावून घेतली पाहिजे. प्रक्षेपणासाठी 360 फूट उंचीचे पोलादी मनोरे आणि ग्रहणासाठी 240 फूट उंचीचे लाकडी मनोरे, असे दोन समूह किनाऱ्यावर उभे असत. पोलादी मनोऱ्यांवरून सुमारे 10 ते 13 मीटर लांबीच्या लहरींचे झटके, सेकंदास 25 या प्रमाणात, समुद्रावर पसरत. वाटेत विमान आडवे आले की त्यांचा अत्यल्प अंश मागे फिरे. प्रकाशाइतक्याच वेगाने धावणाऱ्या या लहरीला 93 मैलांवरील विमानास स्पर्श करून परतण्यास सेकंदाचा हजारावा भाग लागतो. आणि हा सूक्ष्म काल कॅथोड नलिकेच्या पडद्यावरील प्रकाशरेषेवर लांबीच्या रूपाने वाचता येई. अंतर अशा रीतीने बऱ्यापैकी अचूक कळे. परंतु दिशा ठरवण्यासाठी कामगाराला एक चक्री फिरवून पडद्यावरील खूण कोणत्या कोनात नाहीशी होते ते पाहावे लागे, उंचीसाठी निराळी तुलना करावी लागे, आणि विमाने एक की तीस हे त्या थरथरणाऱ्या खुणेच्या रूपावरून केवळ अनुभवाने ताडावे लागे. शिवाय या मनोऱ्यांची दृष्टी समुद्राकडे होती. विमाने किनारा ओलांडून आत शिरली की पुढचा माग दुर्बिणी घेऊन बसलेल्या निरीक्षकांनी काढावयाचा.

म्हणजे शेजारशेजारच्या दोन ठाण्यांना एकच टोळी दिसली तरी तिचा ठाव दोघांच्या नोंदींत निरनिराळा येणार, हे ओघानेच आले. खरी अडचण उद्भवली ती येथे, आणि बॉड्सीची प्रतिभा प्रकट झाली तीही येथेच. सर्व ठाण्यांच्या वार्ता थेट सेनापतीपुढे आदळू न देता त्या आधी एका खोलीत आणाव्या, तेथे मोठ्या नकाशाभोवती बसलेल्या मंडळींनी त्या परस्परांशी ताडून पाहाव्या, विसंगत अंश गाळून टाकावा, शत्रू कोण आणि स्वकीय कोण याचा निवाडा करावा, आणि मगच एक निश्चित वार्ता पुढे रवाना करावी, अशी तजवीज तेथे प्रयोगाने सिद्ध झाली. तिलाच फिल्टर रूम, म्हणजे गाळणीची खोली, हे नाव पडले. आणि 1938 साली लढाऊ विमानदलाच्या बेंटली प्रायरी येथील मुख्य ठाण्यात तिची स्थापना झाली. यंत्र कसे सुधारावे याबरोबरच, असलेल्या यंत्राचा माणसांनी उपयोग कसा करावा, याचाही शास्त्रीय पद्धतीने अभ्यास करावा, हा विचार याच वातावरणात जन्मला, आणि ऑपरेशनल रिसर्च हे त्याचे नाव रूढ झाले ते बॉड्सीतूनच. या विद्येचे एक धुरीण पॅट्रिक ब्लॅकेट हे टिझर्ड समितीचे सभासद होते. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर पंडित नेहरूंनी भारताच्या संरक्षणविषयक विज्ञानासंबंधी ज्यांचा सल्ला घेतला ते हेच ब्लॅकेट.

युद्धाला तोंड लागले त्या दिवशी, 3 सप्टेंबर 1939 रोजी, शास्त्रज्ञांनी बॉड्सी सोडून स्कॉटलंडमधील डंडी गाठले. ठाणे मात्र जागचे हलले नाही. तोवर आइल ऑफ वाइटपासून ऑर्क्नी बेटांपर्यंत सुमारे 20 ठाण्यांची साखळी उभी राहिली होती. ऑगस्टच्या आरंभी ग्राफ झेपेलिन हे जर्मन हवाई जहाज या किनाऱ्याजवळून मनोऱ्यांचे रहस्य टिपण्यासाठी जाऊन आले, आणि अपेक्षेहून लांब अशा लहरींचा अर्थ न कळल्यामुळे रिक्तहस्ते परतले. पुढील वर्षी 12 ऑगस्ट रोजी डोव्हर, राय, पेव्हेन्सी आणि व्हेंटनर येथील ठाण्यांवर बॉम्ब पडले. जाळीदार पोलादी मनोऱ्यांतून स्फोटाचा लोंढा आरपार निघून गेल्यामुळे ते सहसा कोसळले नाहीत. पहिली तीन ठाणी काही तासांत पुन्हा कामास लागली, व्हेंटनर मात्र कित्येक दिवस मुके झाले. तीनच दिवसांनी जर्मन वायुदलाचा प्रमुख गोअरिंग याने अशा हल्ल्यांच्या उपयुक्ततेविषयी शंका व्यक्त केली, आणि साखळीवरचा नेट सैल पडला. यंत्रे शत्रूने पाहिली होती. त्या यंत्रांमागे उभी असलेली व्यवस्था त्याच्या कल्पनेत आली नव्हती.

त्या व्यवस्थेचा कणा म्हणजे ठाण्याठाण्यांतून रात्रंदिवस पहारा देणारी माणसे. आणि त्यांत वायुदलाच्या साहाय्यक पथकातील स्त्रियांचा भरणा मोठा होता. काळोख्या खोलीत हिरवट पडद्यावर नजर खिळवून बसणे, आकडा वाचणे, तो टेलिफोनवर सांगणे, पुन्हा वाचणे, पुन्हा सांगणे, हे त्यांचे काम. त्यात शौर्याचा देखावा नाही. परंतु 18 ऑगस्ट 1940 रोजी पोलिंग येथील ठाण्यावर बॉम्बवर्षाव होत असता कॉर्पोरल एव्हिस हर्न या तरुणीने टेलिफोन सोडला नाही, इतर ठाण्यांकडून येणाऱ्या वार्ता ती पुढे पोहोचवीतच राहिली, आणि त्याबद्दल तिला मिलिटरी मेडल मिळाले, ही घटना मला या इतिहासातील कोणत्याही मनोऱ्याहून उंच वाटते.

याच्या उलट बाजूचा दाखला प्रशांत महासागरात मिळतो. 7 डिसेंबर 1941 च्या पहाटे हवाई द्वीपसमूहातील ओपाना येथील अमेरिकन रडारवर जोसेफ लॉकार्ड आणि जॉर्ज एलियट हे दोन शिपाई होते. त्यांची पाळी सात वाजता संपली होती. परंतु न्याहारीस नेणारी गाडी आली नव्हती, म्हणून एलियटला सराव मिळावा या हेतूने यंत्र चालू राहिले. सात वाजून दोन मिनिटांनी सुमारे 130 मैलांवर विमानांचा एवढा मोठा समूह पडद्यावर उमटला की यंत्र बिघडले असावे, असे प्रथम वाटले. त्यांनी टेलिफोनवरून वार्ता दिली. माहिती केंद्रात त्या वेळी उरलेला तरुण अधिकारी या कामात नवखा होता. अमेरिकेतून आपलीच काही विमाने यावयाची आहेत हे त्याला ठाऊक होते. त्याने काळजी करू नका असे सांगितले, आणि आठाच्या सुमारास पर्ल हार्बरवर बॉम्ब कोसळू लागले. यंत्राने आपले काम चोख केले होते, शिपायांनीही केले होते. आलेली वार्ता तोलून पाहणारी, ताडून पाहणारी आणि पुढे नेणारी व्यवस्था अजून अर्धवट होती. सारा दोष त्या एका अधिकाऱ्याच्या माथी मारणे म्हणजे या प्रकरणाचा बोध गमावणे होय. ओपानाचे ते पन्नास-पंचावन्न मिनिटांचे मौन पाहिले म्हणजे बॉड्सीच्या गाळणीच्या खोलीचे मोल कळते.

या विद्येची दुसरी बाजूही वाचकापुढे ठेवणे माझे कर्तव्य आहे. संरक्षणासाठी जन्मलेले साधन संरक्षणापुरते राहिले नाही. बॉड्सीतच एडवर्ड बोवेन यांनी विमानात बसवता येईल असे रडार तयार केले, सप्टेंबर 1937 मध्ये त्याच्या साहाय्याने ढगाळ हवेतून आरमाराची जहाजे शोधून काढली. आणि विमानस्थ रडारच्या याच शाखेचा पुढे विस्तार होऊन 1943 साली जर्मन शहरांवर रात्री बॉम्ब टाकणाऱ्या विमानांना खालची भूमी दाखवणारी यंत्रे निघाली. जे लंडनच्या मुलांना वाचवण्यासाठी शोधले गेले त्याच्याच वंशजाने हँबुर्गच्या मुलांवरील आगीला वाट दाखवली. ज्ञानाच्या उपासकाने या सत्यापासून दृष्टी चुकवू नये.

तथापि त्याच शाखेला एक फांदी अशीही फुटली की तिची छाया आपल्या महाराष्ट्रावर पडली आहे. युद्धानंतर बोवेन ऑस्ट्रेलियात सिडनी येथील रेडिओभौतिकी विभागाचे प्रमुख झाले, आणि शत्रूची विमाने हुडकणारी विद्या तेथे आकाशस्थ ज्योतींचे रेडिओसंदेश ऐकण्याकडे वळली. 1953 साली गोविंद स्वरूप नावाचा तरुण भारतीय शास्त्रज्ञ त्या विभागात शिकावयास गेला. त्या विभागाने देऊ केलेल्या 32 लहान तबकड्या त्याने पुढे मुंबईजवळ कल्याण येथे मांडून 1965 साली आपल्याकडील पहिली मोठी रेडिओ दुर्बीण सिद्ध केली. आणि त्याच परंपरेतून, त्याच्याच नेतृत्वाखाली, जुन्नर तालुक्यातील खोडदच्या परिसरात 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची महादुर्बीण उभी राहिली. बॉड्सीत काम केलेले रॉबर्ट हॅन्बरी ब्राउन, ज्यांचा जन्म नीलगिरीतील अरुवनकाडू येथला, तेही युद्धानंतर ताऱ्यांच्याच अभ्यासाकडे वळले. नारायणगावच्या रस्त्याने जाताना त्या शुभ्र तबकड्या आकाशाकडे तोंड करून स्तब्ध उभ्या दिसतात, तेव्हा डेबेनच्या मुखावरील त्या वाड्याशी त्यांचे गोत्र जुळते, हे वाचकाने अवश्य आठवावे.

बॉड्सीचे मनोरे आज नाहीत. वायुदलाने 1991 च्या सुमारास ते ठाणे सोडले, उरलेला शेवटचा मनोरा 2000 साली उतरवण्यात आला, आणि ज्या जाड भिंतींच्या इमारतीत प्रक्षेपक गुणगुणत असे तेथे आता एक लहानसे संग्रहालय आहे. मनोरे पाडले तरी तेथे सिद्ध झालेला नियम अबाधित आहे. वादळाची सूचना देणारी वेधशाळा असो, पुराचा इशारा देणारे धरणावरचे कार्यालय असो, की साथीची पहिली खबर देणारा गावचा दवाखाना असो, तेथे यंत्राची किंमत शेवटी वार्ता गाळणाऱ्या आणि पोहोचवणाऱ्या माणसांवरच ठरते. म्हणून वाचकांस माझी एकच विनंती आहे: पुढील प्रकरणे वाचताना मनोऱ्यांची आणि लहरींची वर्णने जितक्या उत्सुकतेने वाचाल, तितक्याच उत्सुकतेने टेलिफोनच्या तारांची, नोंदवह्यांची, नकाशाच्या टेबलाची आणि पाळी बदलण्याच्या नियमांचीही रुक्ष वाटणारी पाने वाचावीत. इंग्लंडचा तो किनारा राखला गेला तो या पानांतल्या माणसांमुळे.